तळ्याकाठचे यजमान

"दोन दिवस मी गॅसला हात लावणार नाही. चहासुद्धा नाही. मान्य असेल तर येते."

सरलाबाईंची अट एवढीच होती आणि गोपीनाथ चुरींनी ती तिथल्या तिथे मान्य केली. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती. एवढ्या काळात दोघं मिळून जिथे गेले, ते कुणाच्या तरी लग्नाला नाहीतर बारशाला. आणि तिथेही तासाभराने सरलाबाई शोधायच्या असल्या तर स्वयंपाकघरात जावं लागे. म्हणून मुलगी श्रुतिका हिने फोनवर जागा शोधली. तलासरीच्या पुढे, धरणाच्या पाण्याकाठी, नव्यानेच सुरू झालेला कॅरॅव्हॅन पार्क. चाकांवरच्या खोलीत राहायचं आणि समोरचं तळं बघत बसायचं. 'आमचं कुटुंब तुमची घरच्यासारखी सोय करेल, तुम्ही फक्त या,' असा मेसेज आला तेव्हा सरलाबाईंनी तो दोनदा वाचला.

गोपीनाथ डहाणूच्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ कारकून होते. माणूस कामाला चोख. पण समोरच्याला सरळ प्रश्न विचारणं म्हणजे त्याचा अपमान करणं, अशी त्यांची समजूत होती. घरी आलेला पाहुणा कधी जाणार, हे त्यांनी आयुष्यात विचारलं नव्हतं. त्यांचा एक मावसभाऊ त्यामुळे चिकूचा अख्खा हंगाम राहून गेला होता.

शनिवारी सकाळी चारोटीला हायवेला लागून ते तिघं तलासरीला पोचले आणि विचारत विचारत तळ्यावर आले. विचारायचं काम अर्थात श्रुतिकाने केलं. फाटक उघडं होतं. झाडांच्या पलीकडे पाणी चकाकत होतं आणि काठावर एक पांढरी कॅरॅव्हॅन उभी होती. दारापुढे कापडाची छपरी, तिच्याखाली घडीच्या खुर्च्या, दारालाच लटकलेली किल्ली. आत दोन पलंग, छोटी शेगडी, फ्रीज, अगदी चिमुकलं न्हाणीघर. फक्त माणूस कुठे नव्हतं.

गोपीनाथांनी मेसेजमधल्या नंबरवर फोन लावला. तो बंद होता.

"बाजाराला गेले असतील," ते म्हणाले. "येतील."

सरलाबाई थोडा वेळ खुर्चीत बसल्या. छपरीखाली वाळकी पानं पडली होती. त्यांनी बराच वेळ त्या पानांकडे दुर्लक्ष करून पाहिलं, पण ते जमेना. शेवटी कॅरॅव्हॅनच्या मागे ठेवलेला झाडू घेऊन त्या उठल्या. झाडू म्हणजे काही गॅस नव्हे, असं त्यांनी मनाला सांगितलं.

नेमकी त्याच वेळी फाटकातून एक गाडी आत आली. गाडीतून तिशीपस्तिशीचा एक गृहस्थ उतरला, मग त्याची बायको, मग दोघांनी मिळून हाताला धरून उतरवलेली एक वयस्कर बाई. त्यानंतर गाडीच्या डिकीतून पापडी, रताळी, मेथी आणि वांग्यांनी भरलेली पिशवी बाहेर आली. मग पीठ, डाळ, तांदूळ आणि गुळाचे डबे, एक नारळ, तेलाची बाटली, दोन मोठी पातेली आणि एक गादी.

"आले बघ यजमान," गोपीनाथ हळूच म्हणाले. "म्हटलं नव्हतं, बाजाराला गेले असतील?"

तिकडे गाडीपाशी वापीहून आलेला परेश आपल्या बायकोला, निलमला, म्हणत होता, "जो, होस्ट लोको. बाई झाडू मारे छे. केटला चोख्खा माणस."

गोपीनाथ लगबगीने पुढे गेले आणि हात जोडून "या या" म्हणाले. कुणीही समोर आलं की ते "या या" म्हणत. कचेरीत तक्रार घेऊन आलेल्यालाही म्हणत. परेशनेही हात जोडले.

"सॉरी हां काका. यायला लेट झाला. भिलाडला लई ट्राफिक."

"छे छे, आम्हीही आत्ताच आलो."

परेशला वाटलं, मालक गावातून आत्ताच आला. गोपीनाथांना वाटलं, यजमान किती नम्र. डहाणूत गुजराती सगळ्यांनाच कळतं आणि वापीत मराठी बऱ्याच जणांना. तेव्हा घोळ भाषेचा नव्हता. घोळ दोन सभ्य कुटुंबं समोरासमोर आल्याचा होता.

"जागा फार छान ठेवली आहे," गोपीनाथ म्हणाले.

"हां, एकदम छान. तुमची मेहनत दिसते."

"आमची कसली? तुमची."

"ना ना, तुमचीच."

यावर दोघंही हसले. दुसरा किती विनयशील आहे, याचं प्रत्येकाला कौतुक वाटलं.

परेशच्या आईचं नाव चंद्रिकाबेन. घरचा शिधा, पातेली आणि गादी घेतल्याशिवाय त्या कुठे निघत नसत. त्या सावकाश चालत छपरीपर्यंत आल्या, सगळ्यात मोठी खुर्ची बघून तिच्यात बसल्या आणि सरलाबाईंना म्हणाल्या, "बेन, बाथरूम क्यां?"

सरलाबाईंनी नुकतंच न्हाणीघर बघितलं होतं. त्यांनी ते दाखवलं. नळ कसा उलटा फिरतो तेही दाखवलं. बाहेर येऊन त्या नवऱ्याच्या कानाशी म्हणाल्या, "अहो, यांना स्वतःचं न्हाणीघर माहीत नाही?"

"मुलगा चालवत असेल. आई पहिल्यांदाच आली असेल."

हे पटण्यासारखं होतं. तेवढ्यात परेश आला. "काका, बा सकाळी लवकर निघाली, नहायची राहिली. गरम पाणी मिळेल काय?"

गोपीनाथ बुचकळ्यात पडले. पण बाई म्हातारी होती. शिवाय पाणी मागणाऱ्याला 'तुमचं तुम्ही तापवा' असं कसं म्हणायचं? त्यांनी शेगडीवर मोठं पातेलं चढवलं आणि तापलेलं पाणी बादलीत ओतून ती न्हाणीघरात नेऊन ठेवली. घरी स्वतःच्या अंघोळीची बादलीसुद्धा न उचलणारा आपला नवरा यजमानांच्या आईचं पाणी वाहतो आहे, हे दृश्य सरलाबाई खुर्चीतून पाहत होत्या.  गोपीनाथांना ती नजर जड गेली.

भरपाई म्हणून त्यांनी धीर केला आणि परेशला म्हटलं, "नाही म्हणजे, आम्हाला टॉवेल मिळाले असते तर…"

 परेश गाडीत जाऊन आपले दोन नवे टॉवेल घेऊन आला.

"होस्ट टॉवेल मांगे छे," तो निलमला म्हणाला.

"नवा नवा धंदा छे," निलम म्हणाली. "आपी दे." परेशने टॉवेल देऊन टाकले.

जेवणाची वेळ झाली आणि टळू लागली. छपरीखाली सहा माणसं बसली होती आणि मधोमध भाजीची पिशवी होती. सगळे तळ्याकडे बघत होते. पाण्यावर दोन पांढरे बगळे होते. त्यांच्याबद्दल जेवढं बोलण्यासारखं होतं तेवढं बोलून झालं होतं.

"मग काका," परेश म्हणाला, "जेवणाचा काय प्रोग्राम?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"ना ना, तुमी म्हणाल तसं. आपल्याला काय पण चालते."

गोपीनाथांनी ओळखलं की आवड विचारताहेत. "साधंच असू दे. वरणभात, एखादी भाजी. आणि चिंचणीकडची ताजी मासळी मिळत असेल तर तिचा एखादा तुकडा."

परेशचा चेहरा पडला. "काका, मासळी नाय. आमी वेज."

"मग वेज. काहीच हरकत नाही."

मासळीचा प्रश्न मिटला, पण जेवण कुठून येणार हा तसाच राहिला. परेशच्या मनात आलं, मालकाने मासळीची तयारी ठेवली असणार. आता ऐन वेळी वेज कुठून करील बिचारा? त्याने भाजीची पिशवी उचलली आणि सरलाबाईंच्या मांडीवर ठेवली.

"काकी, आमच्याकडची भाजी घ्या. ताजी आहे."

सरलाबाईंनी पिशवी खाली ठेवली. मग उठून नवऱ्याला झाडामागे घेऊन गेल्या. मागोमाग श्रुतिकाही गेली.

"याचा अर्थ काय?" सरलाबाईंनी विचारलं.

"काहीतरी असेल," गोपीनाथ म्हणाले.

"भाजी मला का दिली?"

 याचं उत्तर श्रुतिकाकडे होतं. ती पुण्याला शिकत होती आणि तिच्याकडे बहुतेक गोष्टींची उत्तरं असत.

"आई, याला एक्स्पीरिअन्स स्टे म्हणतात. हल्ली सगळीकडे हेच आहे. पाहुण्यांनीच चूल पेटवायची, भात लावायचा, झाडलोट करायची. लोक मुद्दाम पैसे देऊन येतात."

"भात लावायचे पैसे?"

"म्हणून तर 'घरच्यासारखी सोय' लिहिलं होतं."

सरलाबाईंनी या वाक्याचा विचार केला. घरच्यासारखी. शब्दाला शब्द खरा होता. घरी हीच सोय होती.

"घरी गेल्यावर बोलू," त्या गोपीनाथांना म्हणाल्या आणि पिशवी घेऊन कॅरॅव्हॅनमध्ये शिरल्या.  'घरी गेल्यावर बोलू' हे वाक्य त्यांच्या संसारात फार थोड्या वेळा उच्चारलं गेलं होतं. मागच्या खेपेला त्यातून निघालेलं बोलणं दिवाळीपर्यंत पुरलं होतं.

निलम पापडी निवडायला आत आली. तिला वाटलं, होस्टच्या हाताखाली गावाकडचं रांधणं शिकायला मिळतंय. सरलाबाईंना वाटलं, यजमानीण लक्ष ठेवायला आली. चंद्रिकाबेनची खुर्ची दारातच ठेवण्यात आली होती आणि तिथून त्यांना शेगडी नीट दिसत होती.

"बेन, पापडीमां अजमो नाखो."

"आमच्याकडे ओवा नाही घालत, खोबऱ्याचं वाटण लावतात," सरलाबाई म्हणाल्या.

"खोबरुं? पापडीमां?"

"आणि डाळीत गूळ घालत नाहीत."

"थोडो नाखो. छोकराने फावे."

पोराला आवडतो म्हटल्यावर सरलाबाईंनी गूळ घातला. यजमानांचं घर, यजमानांची चव. चंद्रिकाबेन सुनेला हळूच म्हणाल्या, "होटल चलावे छे, पण घराकनुं सांभळतां नथी." गिऱ्हाइकाचं ऐकत नाहीत म्हणे. गूळ पडला तरी वाटणाचं दुःख त्यांना राहिलंच.

जेवण मात्र उत्तम झालं. पापडी सगळ्यांनी मागून घेतली, चंद्रिकाबेननीही घेतली. परेशने तीनदा "वाह काकी" म्हटलं. सरलाबाईंना वाटलं, निदान यजमान मनाने चांगले आहेत. मग भांडी कुणी घासायची हे न ठरवताच ती श्रुतिका आणि निलमने घासली. प्रत्येकीला दुसरीची दया आली.

जेवून परेश कॅरॅव्हॅनमध्ये गेला आणि आतल्या मोठ्या पलंगावर आडवा झाला.

"अहो," सरलाबाई म्हणाल्या, "तो आपल्या पलंगावर झोपलाय."

"दमला असेल."

"कशाने?"

गोपीनाथ उठले. हे मात्र सांगायलाच हवं होतं. ते आत गेले, पलंगापाशी उभे राहिले आणि घसा साफ केला. "परेशभाई, नाही म्हणजे, ही जागा…"

"एकदम सरस जागा, काका," परेश डोळे मिटूनच म्हणाला. "काय हवा येते."

 बाहेर जावं तर सरलाबाई होत्या. शेवटी दुसऱ्या पलंगावर गोपीनाथही आडवे झाले. जाग्या माणसाने बायकोची नजर टाळायची तर झोपेसारखी जागा नाही. परेशने थोड्या वेळाने एक डोळा उघडला, तर हातभर अंतरावर मालक घोरत होता. तो हळूच उठून बाहेर आला आणि निलमला म्हणाला, "मालिक आपणी साथे सूई गयो."

 "रात्रे पण सूशे?" रात्रीही इथेच झोपणार का, हे निलमने विचारलं.

रात्रीचा प्रश्न दोन्ही बाजूंना पडला होता. पलंग दोन आणि माणसं सहा. सरलाबाई मनाशी हिशेब मांडत होत्या की यजमान संध्याकाळी आपल्या घरी जातील. परेशही तेच म्हणत होता. दोन्ही कुटुंबं एकमेकांच्या जाण्याची वाट पाहत तळ्याकडे तोंड करून बसली. उन्हं कलली. कुणी हललं नाही. गोपीनाथ डोळे चोळत बाहेर आले आणि शेवटच्या खुर्चीत बसले.

"काका, तुमी इथेच राहता?" परेशने अखेर विचारलं.

"राहणारच ना," गोपीनाथ म्हणाले. "उद्या संध्याकाळपर्यंत. आणि तुम्ही?"

"आमी पण."

"वा," गोपीनाथ म्हणाले. 

तेव्हा फाटकाबाहेर धडधड ऐकू आली. एक ट्रॅक्टर हळूहळू आत आला आणि त्याच्यामागे बांधलेली दुसरी पांढरी कॅरॅव्हॅन डुलत डुलत आली. ट्रॅक्टर चालवणारा हाल्या खाली उतरला आणि डोक्याचा रुमाल सोडून तोंड पुसू लागला. तो जवळच्याच पाड्यातला होता.

"हायवेवर एक मानूस भेटला," तो म्हणाला. "गाडीचं चाक फुटलेलं त्याच्या. मला बोलला, ही खोली तळ्यावर नेऊन सोड. तर कुठं लावू? मालक कोन तुमच्यात?"

गोपीनाथांनी परेशकडे बोट दाखवलं. परेशने गोपीनाथांकडे.

दोघांची बोटं तशीच राहिली. हाल्याने आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे.

"कोन तरी एक सांगा," तो म्हणाला. "ट्रॅक्टर चालू हाय."

"हे मालक," गोपीनाथ म्हणाले.

"मी?" परेश म्हणाला. "मालिक तुमी ना?"

"आम्ही डहाणूचे. आम्ही राहायला आलोय."

"आमी वापीचे. आमी पण राहायला आलो."

सगळ्याची उत्तरं असलेली श्रुतिका बगळ्यांकडे बघू लागली.   गोपीनाथांच्या डोळ्यांपुढून गरम पाण्याची बादली गेली. परेशच्या डोळ्यांपुढून दोन नवे टॉवेल गेले, आणि निलमच्या डोळ्यांपुढून घासलेली सगळी पातेली. हाल्याने कुणाची वाट न बघता दुसरी कॅरॅव्हॅन एका आंब्याखाली लावली आणि ट्रॅक्टर घेऊन तो निघून गेला.

सगळ्यात उशिरा समजलं ते चंद्रिकाबेनना, कारण कुणी त्यांना सांगायला धजत नव्हतं. निलमने सांगितलं. त्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा शेगडीकडे आणि मग सरलाबाईंकडे.

"तमे महेमान?"

"हो," सरलाबाई म्हणाल्या.

"तो सवारथी रसोई केम करी? मने कह्युं केम नहीं?" सकाळपासून रांधलंत, मग मला सांगितलं का नाही, असा त्यांचा सवाल होता.

"विचारलं कुणी?" सरलाबाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, नवऱ्याकडे न बघता, त्यांनी पुढचं सांगितलं. दोन दिवस गॅसला हात लावायचा नाही असं ठरवून आले होते. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच. हे सांगताना आवाज थोडा कापला, आणि त्याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. सकाळपासून आपल्याला राग आलाय असं त्या समजत होत्या.

गोपीनाथांनी मान खाली घातली. एक साधा प्रश्न होता, 'मालक तुम्हीच ना?' एवढाच. तो त्यांनी सकाळी विचारला असता तर बायकोचा दिवस वाचला असता.

चंद्रिकाबेननी हात लांब करून सरलाबाईंचा हात धरला आणि त्यांना शेजारच्या खुर्चीत बसवलं. दुसरी एक खुर्ची ओढून त्यांचे पाय तिच्यावर ठेवायला लावले. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"परेश, ऊठ. खिचडी मूक."

"बा, मने नथी आवडती बनावतां."

"मालिक बनतां आवड्युं? ऊठ."

खिचडी टाकता येत नाही ही सबब चालणार नव्हती. परेश उठला. त्या नजरेचा थोडा भाग आपल्यावरही आहे हे ओळखून गोपीनाथही उठले. दोघं कॅरॅव्हॅनमध्ये गेले. आतून बराच वेळ शेगडीचं बटण फिरवल्याचा आवाज येत होता. "काका, पाणी किती?" "तुम्ही म्हणाल तेवढं." "ना, आता तुमी सांगा."  मग गोपीनाथांचा आवाज आला. "थांबा, विचारून येतो." त्यांनी दारातून डोकं बाहेर काढलं आणि सरलाबाईंना अगदी सरळ प्रश्न विचारला, "खिचडीत पाणी किती घालतात?"

सरलाबाईंनी सांगितलं, पण त्या उठल्या नाहीत. निलम आणि श्रुतिका पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या आणि त्यांच्या खिदळण्याचा आवाज वरपर्यंत येत होता. तळ्यावर केशरी उजेड पसरला होता.

खिचडी जराशी लागली. तिचा वास सुटला तेव्हा फाटकातून एक तरुण उसनी, पेट्रोल संपलेली मोटारसायकल ढकलत आत आला. कपड्यांना वंगण, डोळे ओढलेले, हातात बंद पडलेला फोन. हा नविन, पार्कचा मालक. दुसऱ्या कुटुंबासाठीची कॅरॅव्हॅन आणताना गाडीचं चाक फुटून तो पहाटेपासून हायवेवर अडकला होता. जागा सांभाळणारं त्याचं कुटुंब आयत्या वेळी झाई गावी सासुरवाडीच्या लग्नात गेलं होतं. पहिलेच पाहुणे येणार आणि दारात कुणी नाही, या काळजीने तो अर्धा झाला होता. आता समोर बघतो तर छपरी झाडलेली, कुठे तंटा नाही, दोन पुरुष शेगडीपाशी, आणि मधल्या खुर्चीत एक म्हातारी बाई बसलेली. तिच्याकडे बघून त्याला वाटलं की आपणच चुकून कुणाच्या तरी घरात शिरलो. त्याने नकळत चपला काढल्या.

"बा, मी नविन," तो हात जोडून म्हणाला. "हा पार्क माझा आहे. फार उशीर झाला, माफ करा."

चंद्रिकाबेननी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सवारथी जम्यो?"

"नाही, बा. सकाळपासून काही नाही."

"तो बेस. पहेलां जमी ले. मालिक पछी थजे."

आधी जेव, मालक नंतर हो, या हुकमावर नविन बसला. सकाळपासून त्याने पाठ केलेली माफी आता कुणापुढे मागायची, ते त्याला समजेना. सरलाबाईंनी पाय खुर्चीवरच ठेवले आणि कॅरॅव्हॅनच्या दिशेने हाक दिली.

"अहो, पाहुणे आलेत. पाणी द्या."